मे महिन्यात माणूस दिसत नाही

हरेश्वरमामा गुरुवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, ओटीवर बसले आणि उठले नाहीत. मी पालघरला शाळेत तास घेत होतो. त्यांच्या गावाहून, उमरोळीहून निरोप आला. मी खडू ठेवला आणि निघालो.

पुढचे दहा-बारा दिवस माणसं भेटायला येत होती. गंभीर चेहऱ्याने यायची, भिंतीला टेकून बसायची, आणि थोड्या वेळाने त्यांच्यातलं कुणीतरी खाली बघत म्हणायचं, "मास्तर, ते सराफाचं तुम्हाला माहीत असेल ना?" मग ओटीवरचे सगळेच सावरून बसायचे. ज्यांना ती गोष्ट माहीत होती ते जास्त सावरून बसायचे.

सराफाचं ते असं. पालघरच्या एका सराफाने दुकानात चोर पकडणारी पेटी बसवली, ही बातमी मामांना कुणीतरी दिली. पेटी परदेशी होती. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेली, साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, आणि समोर कुणी हललं की तिच्यात लाल ठिपका पेटायचा. मामा रजा टाकून गेले. दागिन्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. पेटीसमोर ते आधी डावीकडून उजवीकडे चालले, मग उजवीकडून डावीकडे. मग हळू. मग आणखी हळू, एक पाय बगळ्यासारखा वर धरून. शेवटी ते खाली बसले आणि गिऱ्हाइकांच्या पायांमधून रांगत गल्ल्याच्या दिशेने निघाले. सराफाने शटर अर्धं ओढून घेतलं.

त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून पोलिसांच्या आधी मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा मामा स्टुलावर बसून सराफालाच समजावत होते, की तुमच्या पेटीला गुडघ्याच्या खालचं काही दिसत नाही.

"शेठ, चोर रांगत आला तर तुमचं कठीण हाय."

मी हात जोडले आणि मामांना बाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर विचारलं, अशी पेटी विकत घ्यायची आहे का? मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "महाग वस्तू कुणीपण आणतो रे मास्तर. त्यात डोकं कुठं लागतं?"

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात ते वायरमन होते. बुटके, काटक, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर आणि कानावर अर्धी पेन्सिल. मला ते मास्तर म्हणत. हे नाव मी नोकरीला लागण्याच्या बरंच आधीचं. लग्नकार्यात सगळे मांडवात असताना मी पुस्तक घेऊन माळ्यावर बसायचो, तेव्हापासूनचं.

पुढे खरंच मास्तर झालो आणि शाळेचं वाचनालय माझ्याकडे आलं, तेव्हा मामांनी मला इलेक्ट्रॉनिक्सचं एक इंग्रजी मासिक सुरू करायला लावलं. ते मासिक शाळेत कुणीच वाचलं नाही. मामांनीही वाचलं नाही, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचायचो आणि तोडकंमोडकं मराठी करून सांगायचो. मला त्यातलं अवाक्षर कळत नसे. "तू फक्त वाच," ते म्हणायचे, "समजायचं काम माझं."

हे वेड त्यांना जन्मापासूनचं नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

मामीला लग्नानंतर काही वर्षांनी क्षय झाला. तेव्हाच्या इंजेक्शनांनी क्षय बरा झाला आणि कान गेले. आधी डावा, मग उजवा. मामी घरात दिवसभर एकटी. दारात कुणी आलं, हाक मारली, तरी तिला कळायचं नाही. लोक थोडा वेळ थांबत आणि घरात कुणी नाही असं समजून परत जात.

एका दुपारी तिचे वडील वैतरण्याच्या बाजूच्या त्यांच्या गावाहून न कळवता आले. मामा कामावर होते. सासरे जुन्या चालीचे. जावई घरी नसताना लेकीचा उंबरा कुणी 'या' म्हटल्याशिवाय ओलांडायचा नाही, अशी त्यांची रीत. त्यांनी ओटीवर बसून हाका मारल्या. मामी आत दाराकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती. अर्ध्या तासाने ते उठले, आणलेली नव्या तांदळाची पिशवी ओटीवर ठेवली आणि स्टेशनाकडे गेले. हे सगळं शेजारच्या गजानन राऊतांच्या आईने नंतर सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मधे भेट झाली नाही. त्या तांदळाचा भात मामीने कितीतरी दिवस शिजवला नाही.

 सासरे वारले त्याच आठवड्यात मामांनी स्वयंपाकघरात, मामीच्या डोळ्यांसमोर येईल असा, झिरोचा लाल बल्ब लावला आणि त्याची वायर ओटीपर्यंत आणून सोडली. आता प्रश्न एवढाच होता, की दारात माणूस आलंय हे त्या वायरला कळावं कसं.

मी सुचवलं, दाराला बटण लावा. मामा म्हणाले, "सासऱ्यांनी बटण दाबलं असतं काय? कोळीण डोक्यावर पाटी घेऊन बटण शोधेल काय? आपल्याकडचं माणूस हाक मारतं, मास्तर. बटण शहरातली लोकं दाबतात." त्यामुळे माणसाने काहीच न करता दिवा लागायला हवा होता. बाहेर मात्र मामा हे सगळं चोरांसाठी चाललंय असं सांगत. गजानन राऊत म्हणायचे, "हरेश्वर, तुझ्या घरात चोर आला तर तोच कायतरी ठेवून जाईल."

पहिला प्रयोग गोडेतेलाच्या डब्याचा. डब्याचे दोन पत्रे कापले, मधे सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, वर पायपुसणं. पाय पडला की पत्र्याला पत्रा टेकायचा आणि आत दिवा लागायचा. शेजारची लहान पोरंही कळायला हवीत म्हणून मामांनी तो इतका हलका जुळवला, की कोंबडी चढली तरी दिवा लागे. मामी हातातलं टाकून बाहेर यायची. बाहेर कोंबडी. आलीच आहे तर म्हणून मामी तिला मूठभर कणी टाकायची. चार दिवसांत कोंबड्यांना हे समजलं. त्या येऊन पायपुसण्यावर उभ्या राहत आणि दाराकडे बघत. पाचव्या दिवशी राऊतांच्याही कोंबड्या यायला लागल्या.

मामा ओटीच्या पायरीवर बसून बराच वेळ तो घोळका बघत होते. मग म्हणाले, "हललं म्हणजे माणूस नव्हे."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच एवढं पटलं की पुढे ते कुठेही वापरू लागले. कारखान्यात नवा साहेब आला आणि त्याने पहिल्याच दिवशी सगळ्या खात्यांतून दोनदा चक्कर मारली, तेव्हा मामा हेच म्हणाले. माझ्यासाठी बघितलेल्या एका स्थळाबद्दलही हेच म्हणाले. ते स्थळ मोडलं.

दुसरा प्रयोग भंगारातला. मामांच्या कारखान्यात कापड मोजणाऱ्या यंत्राला एक डोळा असे. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला डोळा. मधे कापड आलं की डोळ्याला अंधार दिसतो आणि यंत्राला कळतं. असे डोळे बाद झाले की भंगारात जात, आणि वसाहतीतलं बरंचसं भंगार बेटेगावच्या रस्त्यावर इद्रिसभाईंच्या आवारात येई. मामा सुट्टीच्या दिवशी पिशवीत टॉर्च, सेल आणि मीटर घेऊन तिथे जायचे. लोखंडाच्या ढिगात उकिडवे बसून एकेक डोळा तपासायचे. इद्रिसभाई मला एकदा म्हणाले, "मास्टरजी, दुनिया यहाँ से लोहा तौल के ले जाती है. आपके मामा आँखें छाँट के ले जाते हैं."

त्यांनी मामांसाठी बिस्किटांचा एक रिकामा डबा बाजूला ठेवला होता. भंगारात काही चमकणारं दिसलं की पोरं त्यात टाकत. सायकलचे लाल रिफ्लेक्टर, चष्म्याच्या काचा, कॅमेऱ्याचं फुटकं भिंग. एकदा त्यात बाहुलीचा डोळा निघाला. मामांनी तोही आणला. उपयोगाचा नाही हे त्यांना कळत होतं, पण इद्रिसभाईंच्या पोरांनी जपून ठेवला होता.

कापडाचा डोळा फाटकाला लावला. कोंबड्या खालून जाऊ लागल्या, हे झालं. पण बकऱ्या उजेडाच्या आड येत आणि दिवा लागे. शिवाय संध्याकाळी ऊन तिरपं होऊन थेट डोळ्यात शिरे, आणि पाच ते सहा त्याला कुणीच दिसत नसे. नेमकी तीच वेळ माणसं येण्याची. दोन वर्षं मामा त्या डोळ्याला कधी पुठ्ठ्याचा, कधी नारळाच्या करवंटीचा झापड लावत होते.

मग एके दिवशी इद्रिसभाईंनी त्यांना डबा न दाखवता गादीखालून एक चेंगरलेली पेटी काढून दिली. बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याच्या कचेरीतली. सराफाकडे होती तशीच. "ये तौलूँगा नहीं, चाचा. ले जाओ."

पेटीचं तोंड फुटलं होतं. आतला बोर्ड अर्धा जळालेला. पण मधोमध शर्टाच्या बटणाएवढी धातूची टिकली शाबूत होती, तीन पायांची, वर एक काळसर खिडकी. मामा ती कापसात गुंडाळून सरळ शाळेत आले. मी मासिकाचे जुने अंक काढले आणि वाचलं. अंगातून निघणारी ऊब दिव्याच्या उजेडासारखी बाहेर पडत असते, ती आपल्याला दिसत नाही, या टिकलीला दिसते. ऊब एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकली की ही जागी होते. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे पडदा हलला तर बघणार नाय?"

"नाही."

"झाडाची फांदी?"

"नाही. पण कोंबडी बघेल, मामा. कोंबडी गरम असते."

"असू दे. कोंबडी खाली असते. आपण वर बघू."

फुटलेल्या तोंडाच्या जागी काय लावायचं यावर दोन महिने गेले. काच लावली तर टिकली आंधळी होई. काचेतून उजेड जातो, ऊब जात नाही, हे मामांनी करून बघून शोधलं आणि मी नंतर मासिकात वाचलं. अभ्रक, फिल्म, चहाच्या डब्याचं झाकण, सगळं झालं. शेवटी चालली ती दुधाची पिशवी. धुऊन, ताणून, दोऱ्याने बांधलेली. तिच्यापुढे सरकती ऊब तुकड्यातुकड्यांनी दिसावी म्हणून जाळी हवी होती. त्यासाठी एकाआड एक दात तोडलेली फणी बसवली. फणी मामीची होती. मामी दोन दिवस घरभर फणी शोधत होती आणि मामा तिच्याबरोबर शोधत होते.

जानेवारीत पेटी फाटकासमोर ओटीच्या खांबावर चढली. मी मुद्दाम गेलो. फांद्या हलत होत्या, दिवा नाही. कोंबड्या आल्या, दिवा नाही. मी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मामी पिठाच्या हाताने दारात आली. "ये मास्तर," ती म्हणाली, नेहमीसारखं गरजेपेक्षा मोठ्याने. मामा पलीकडे काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वायर गुंडाळत होते. जेवताना त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

फेब्रुवारी, मार्च ठीक गेले. एप्रिलमध्ये पेटी अधूनमधून माणसं सोडू लागली. मे महिन्यात तिने माणूस बघणं बंदच केलं. भर दुपारी मी तिच्यासमोर कवायत केली, दिवा लागला नाही. पोस्टमन आला नि गेला. मामांनी पेटी चार वेळा उघडली, चार वेळा मिटली. दुधाची पिशवी बदलली. काही नाही.

आणि त्याच दिवसांत रोज साडेअकराला मात्र दिवा लागायचा. मुरब्याची हिराबाय मासे घेऊन यायची तेव्हा.

हिराबायलाही हे कळलं होतं. "दादा, तुजी पेटी मना वलखते," ती म्हणाली. "बाकीच्यांना नाय."

मामा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोक्यावरच्या पाटीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. त्यांनी तिला पाटी खाली ठेवायला लावली आणि रिकाम्या डोक्याने फाटकातून तीनदा आत-बाहेर करायला लावलं. दिवा नाही. मग मामांनी स्वतः पाटी डोक्यावर घेतली आणि पापलेटांसकट फाटकातून आत आले. आत दिवा लागला. मामी बाहेर आली आणि नवऱ्याच्या डोक्यावर मासे बघून दारातच उभी राहिली. हिराबाय ही गोष्ट मुरब्यात आजही सांगते, आणि दर वेळी पाटीतलं पापलेट मोठं होतं.

मामांना उलगडा झाला तो असा. पेटीला माणूस दिसतं ते मागच्या भिंतीपेक्षा गरम असतं म्हणून. मे महिन्यात भिंतही माणसाएवढीच तापते. मग पेटीला भिंतीवरून भिंत सरकल्यासारखं वाटतं. हिराबाय गार होती म्हणून दिसली. "माणूस गार करता येत नाय," मामा म्हणाले. "भिंत गार करू."

त्यांनी फाटकाच्या वाटेपलीकडे, पेटीच्या बरोबर समोर, छातीएवढा कट्टा बांधला आणि त्यावर पाण्याची पाच मडकी ओळीने मांडली. मडकं पाझरतं आणि थंड राहतं. आता येणारं माणूस पेटी आणि मडकी यांच्यामधून जाई आणि त्या गारव्यासमोर निखाऱ्यासारखं उठून दिसे. भर मे महिन्यात दिवा लागला.

पण रस्त्याच्या कडेला मडकी मांडल्यावर लोक काय समजणार? दुसऱ्याच दिवशी तिथे कुणीतरी पेला आणून ठेवला. पाड्यांवरच्या बाया मोळ्या घेऊन बोईसरकडे जाताना थांबू लागल्या. गावात झालं, की हरेश्वरने पाणपोई घातली. मामा वैतागले. मडकं रिकामं झालं की तापतं, आणि पेटी पुन्हा आंधळी. "प्या, पण भरून ठेवा," असं ते ओटीवरून ओरडत. पंचायतीने त्यांना नारळ आणि शाल दिली. दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मामा उभे राहिले, जरा विचार केला आणि म्हणाले, "हललं म्हणजे माणूस नव्हे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांना ते अध्यात्म वाटलं.

पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाने आत दिवा लागे, आणि मामी दारात येई. ती नुसतं बघून परत जाणारी नव्हती. बस म्हणायची, गूळ द्यायची. बाया तिच्याशी खुणांनी बोलायच्या, मग ती त्यांचे ओठ वाचायला शिकली. दोन-तीन उन्हाळ्यांत पंचक्रोशीत कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची गाय व्याली, हे आधी मामीला कळायला लागलं. तिच्या दारातून माणूस परत जाईनासं झालं.

मामा निवृत्त झाले. पेटीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी नऊला आणि दुपारी चारला ते चपला घालून फाटकाबाहेर जात, आत येत, पुन्हा बाहेर जात, पुन्हा आत येत. असं तीनदा. विचारलं तर म्हणत, "टेस्टिंग." राऊत विचारायचे, हरेश्वर, जायचा-यायचा भत्ता मिळतो काय? मलाही ते नुसतं वेडच वाटे.

अकराव्या दिवशी सगळे गेल्यावर मी मामीसमोर बसलो आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश म्हणालो, "मामी, पेटीकडे मी बघेन. रविवारी येऊन टेस्टिंग करत जाईन."

मामी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"टेस्टिंग कसली रे मास्तर? पेटी चांगली चालते. माजे कान गेले तसे हे माज्याशी बोलेनासे झाले. रागाने नाय. ऐकूच येत नाय तर बोलून काय, म्हणून. कामापुरतं बोट दाखवायचे. मग ही पेटी झाली. दिवा लागायचा, मी दारात यायची, तर हे फाटकात उभे. मी विचारायची, काय? हे हात हलवायचे, काय नाय. मी आत गेले की परत दिवा."

तिने फाटकाकडे बघितलं.

"एकदा पिठात हात होते म्हणून गेले नाय बाहेर. तर पेटी बिघडली समजून दिवसभर खोलून बसले. जेवले पण नाय. तेव्हापासून मी तिन्ही वेळा जायची."

"तुमी कधी बोललात नाय त्यांना?" माझ्याही तोंडात घरची भाषा आली.

"काय बोलायचं? त्यांना वाटायचं, मला कळत नाय. बरं वाटायचं त्यांना."

पेटी अजून खांबावर आहे. दुधाची पिशवी मी वर्षातून एकदा बदलतो. मडकी मामी भरते, मे महिन्यात दिवसातून दोनदा. मी रविवारी जातो. दिवा लागतो आणि मामी दारात येते.